सातवं कलम

पडघमाचं कातडं चवीला कसं लागतं
हे मला विचारू नका.
साँ-रेमाक्लच्या किल्ल्यात आम्ही अकरा खाल्ली.
आधी घोडी, मग कमरेचे पट्टे, मग पडघम.
उकळताना चुन्याचा वास सुटतो
आणि वरचा फेस कुणी काढत नाही.

बारावा, तोसाँ उराशी घेऊन झोपायचा.
वादकांचा नाईक सेर्व्हे त्याला बजावून मेला होता:
हा ठेव.
शरण जायलाही वाजवावं लागतं, पोरा.
न वाजवता गेलो, तर ती नुसती कत्तल.

एकेचाळिसाव्या सकाळी
खिंडाराच्या कडेवर उभं राहून
त्यानं बोलणीचा ताल धरला.
म्यूज नदीवर धुकं. पलीकडच्या तोफा
एकेक करत गप्प झाल्या,
दारावर थाप पडल्यावर घरातलं भांडण थांबतं तशा.

मग तीन दिवस कलमं.
मी कारकून. गोठलेली शाई काखेत धरून पातळ करायचो.
दाणागोटा, जखमी, किल्ल्या:
पहिली सहा तासाभरात उरकली.
सातव्यावर घोडं पेंड खाऊ लागलं
(खरं असतं तर तेही आम्ही खाल्लं असतं).
निशाण उलगडून की गुंडाळून?
तोड्याची वात पेटती की विझलेली?
आणि वाजवायचं काय?

मेजर द ब्रियाक म्हणाला,
उघडं निशाण हवं, तर मानाखातर
आमचं कूच वाजवा. रीत आहे.
किल्लेदारानं मेजावर मूठ आपटली, जोर नव्हता तिच्यात:
येतं कुणाला तुमचं कूच?

कोपऱ्यातून तोसाँ म्हणाला, मला.
चाळीस संध्याकाळी ऐकलंय.
आपल्यापेक्षा तेच बरं येतं.

कुणी बोललं नाही.
मी लिहून घेतलं.

गुरुवारी दरवाजा उघडला.
पुढे तो एकटा, मागे आम्ही दोनशे सहा,
त्यातले अकरा गळ्यात नुसती लाकडी कडी अडकवून,
कारण कलमात बारा पडघम लिहिले होते.
त्यांच्या रांगेतल्या एका मिशाळ गड्यानं टोपी काढली.
पोर इतकं नेटकं वाजवत होतं
की माझी पावलं आपसूक तालात पडू लागली.
त्याचीच मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी त्यांनी रस्सा दिला. मटणाचा.
तोसाँची बोटं वाडग्याच्या काठावर चालली होती.
मी कान दिला,
आमचं की त्यांचं,
तेवढ्यात त्यानं घास घेतला.