टॉवेल

रंगूनहून निघालेली बोट बुडाली तेव्हा
राजेशम सात वर्षांचा.
तांदळाच्या खोक्याचं झाकण, त्यावर तो,
मुठीत आईच्या लुगड्याचा काठ.
ओलं कापड किती जड होतं
हे त्याला शाळेआधी कळलं.

साखर पेठेत काकानं मागाशी बसवलं.
बोली घरचीच, तेलुगू.
पाणी मात्र घागरीत मोजून.
बरं वाटलं त्याला.
धोटा या काठावरून त्या काठाला
दिवसभर, कोरडा.

गड्ड्याच्या जत्रेत नातवंडं
जहाजाच्या पाळण्यात चढली;
हा खाली
सगळ्यांच्या चपला धरून उभा.

गिऱ्हाईक विचारतं,
“मामा, टॉवेल पाणी पितो ना?”
राजेशम घडी उलगडतो,
काठ मुठीत धरतो
जरा जास्तच वेळ.
“पितो,” म्हणतो,
आणि भाव सांगायचा विसरतो.