माघ शुद्ध द्वितीया

पुरातत्त्वमधून तेलंगबाईंचा फोन.
"किल्ल्याच्या चढावर, चतुर्भुजाच्या देवळाशी
फलक लावायचाय. शिलालेखाचं साल
सगळ्या कालगणनांत एकाखाली एक.
तुम्ही पंचांगाची प्रुफं वाचलीत तीस वर्षं,
तुम्हीच करा."
म्हटलं करतो. एका संध्याकाळचं काम.

विक्रम संवत नऊशे तेहतीस. ते दगडावरच आहे.
शके सातशे अठ्ठ्याण्णव. ते तोंडातच होतं.
गतकली तीन हजार नऊशे सत्त्याहत्तर,
त्याला चौकट अपुरी पडली.
वीर निर्वाण चौदाशे तीन,
सराफ्यात नगीनचंदांकडून ताडून आणलं.
यज्दगर्दी दोनशे पंचेचाळीस.
कोल्लमचं अवघं बावन्न, कालचं पोर.
नेपाळ संवत जन्मायलाच अजून तीनेक वर्षं,
तिथे रेघ मारली.

हिजरीसाठी मुनीरभाई आले,
चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली.
"दोनशे बासष्ट की त्रेसष्ट?" मी विचारलं.
"साल बाद में। पहले दिन बताओ।"

तिथेच कामाला संध्याकाळ पुरेना झाली.
एकही वर्ष दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही.
कुणाचं चैत्रात उघडतं, कुणाचं दिवाळीनंतर,
कुणाचं दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं
झोपेत ओढलेल्या चादरीसारखं.
इसवी सनाचंही तेच. पुस्तकात आठशे शहात्तर,
पण माघ म्हणजे जानेवारी आलाच की,
म्हणजे सत्त्याहत्तर.
"शहात्तरच ठेवा," बाई म्हणाल्या,
"लोक वाचून आलेले असतात."

लष्करात आमच्या बिल्डिंगीत हे रोजचंच.
पौर्णिमा उलटली की खाली तोमरांकडे फागुन लागतो,
वर आमच्याकडे माघच चालू, वद्य पक्ष.
चाळीस वर्षं एकाच जिन्यावर
पंधरा दिवस एक महिना, पंधरा दिवस दोन.
शुद्ध पक्षात मात्र भांडण नाही.

हर्ष संवत काढला तर आला दोनशे सत्तर.
पुन्हा केला. दोनशे सत्तर.
आणि लेखात देवाच्या फुलबागेला दिलेली जमीन:
लांबी दोनशे सत्तर हात, रुंदी एकशे सत्त्याऐंशी.
योगायोग आहे, मला कळतं.
तरी पेन खाली ठेवलं.

त्या सत्तरातलं शून्य बघायला लांबलांबून माणसं येतात.
टाकीच्या एका गिरकीत खोदलेलं, मण्याएवढं.
फोटो काढतात, उतरतात.
बाग कुठे होती, कुणी विचारत नाही.
रोज पन्नास हार द्यायचे, असं लिहिलंय खाली.
माघात कुंद असणार. आणि कण्हेर.
माळ्याला नऊशे तेहतीस कुणी सांगितलं असेल का?
त्याच्या लेखी ते असेल
विहिरीचा दोर तुटला ते वर्ष,
किंवा धाकटीला आधी वरचे दात आले ते,
आणि सासू म्हणाली, हे बरं नाही.

मुनीरभाईंनी बोटांवर मोजलं, मग वहीत,
मग खिडकीतून किल्ल्याकडे बघत राहिले.
"दूज की शाम। चाँद दिखा होगा।
जमादिलावल की पहली।"
म्हणजे त्या संध्याकाळी,
दगडावर पाणी मारून कारागीर घरी निघाला तेव्हा,
वर नखाएवढी कोर होती
आणि ती कुणाच्याही वहीत चुकीची नव्हती.
खाली माळी उद्याच्या दोऱ्याला पीळ देत असेल.
वर बघितलं असेल, नसेलही.

फलक लागला. मी चढून गेलो, दम लागला.
सवयीनं आधी चुकाच दिसल्या.
निर्वाण ऱ्हस्व पडलंय,
आणि हर्ष संवतापुढे नुसतेच सत्तावीस.
शून्य गळालं, नेमकं इथे.
तिथूनच फोन लावला.
"अरेच्चा," तेलंगबाई म्हणाल्या,
"पण आता बजेट संपलंय हो.
नव्या वर्षात करू. एप्रिलनंतर."