कारणाचा रकाना

सतरा वर्षं मी एकच वाक्य लिहीत आलो
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर,
निळ्या शाईत, जरासं उजवीकडे कललेलं:
‘पुढील इयत्ता या शाळेत नाही.’
आठवीचा निकाल लागला की रांग खिडकीशी.
हात दुखायचा.
तेवढंच दुखायचं, असं म्हणू या.

यंदा परिपत्रक आलं: नववी सुरू करावी. फी शून्य.
(शून्य अक्षरी लिहावे, असं खाली बारीक टायपात.)
गोवंडीच्या आमच्या इमारतीत तिसरा मजला झाडला,
खिचडीची जुनी पिंपं हलवली,
गेल्या निवडणुकीचे पुठ्ठे, एक पाय नसलेला पृथ्वीचा गोल.
बाकं चौथीची.
पोरं बसली की गुडघे हनुवटीशी येतात.
बीजगणित चित्रकलेच्या गावंड सरांकडे;
ते फळ्यावर क्ष काढतात
आणि सवयीने त्याला सावली देतात.
प्रयोगशाळेचं कपाट आलं, किल्ली मागाहून येणार आहे.
वर नळ नाही. मुली तळमजल्यावर जातात,
पहिलीतल्या पोरांसाठी बांधलेल्या
वीतभर दारांमागे.

एकसष्ट नावं. दिवाळीनंतर चौतीस.

साहेब म्हणाले, घरी जाऊन विचारा.
गेलो. बैंगनवाडीत गल्ली नंबर विचारत,
काखेत हजेरीपट, जणू वीजबिलाची वसुली.
रफिउद्दीन जरीच्या चौकटीवर वाकलेला,
मान न उचलता म्हणाला, सर, कोन शिकवून झाला का?
मला कोन येतो.
सुनयना पाईकराव बटणं मोजत होती, बारा बाराच्या ढिगांत.
तिच्या आईला मी शून्य समजावलं,
नीट, अक्षरी.
ऐकून घेतलं तिने. चहासुद्धा दिला.
मग म्हणाली,
“शाळा काही घेत नाही, कळलं.
देते किती?”

हजेरीपटात यासाठी जागा नाही.
समासात लिहिलं असतं,
पण समास लेखापरीक्षणाला चालत नाही.

सोमवारी सुनयना आली खिडकीशी.
दाखला द्या, कारखान्यात वयाचा पुरावा लागतो.
मी कोरा फॉर्म ओढला, नाव, जन्मतारीख, आईचं नाव,
आणि कारणाच्या रकान्यापाशी
पेन आपोआप जुनं वाक्य लिहू लागलं.
‘पुढील’ लिहून झालं होतं.

इयत्ता तर आहे. वर, तिसऱ्या मजल्यावर.
खोकल्याचा आवाज येतोय तिचा.

“लिहा ना काहीपण,” ती म्हणाली.

मी म्हणालो, शिक्का सापडत नाही.
उद्या ये. तोवर वर बस जाऊन.
ती उद्या आली. परवाही.
शिक्का नाही. गावंड सरांचा तास झाला दोनदा,
एकदा मराठीचाही.
ती कुरकुरते, कारखानदार थांबणार नाही म्हणते,
आणि खरंच सांगते, मला माहीत आहे.

शिक्का माझ्या डब्यात आहे,
पोळ्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळून.
जेवताना रोज बाजूला काढून ठेवतो.
भाजीला शाईचा वास येतो थोडा.