पान एकशे बारा

समोरच्या खोलीत कापूस आहे, छताच्या बल्लीपर्यंत.
भाव चढेल म्हणून दिवाळीपासून तो इथे राहतो
आणि आम्ही सरकत सरकत मागच्या खोलीत आलो.
त्यातल्या किड्यांनी माझ्या कोपरांवर पुरळ उठलंय.
पाहुणा म्हणावा तर जायचं नाव काढत नाही,
बोलत नाही, आणि घरातला सगळा आवाज
बसल्या जागी पिऊन टाकतो.
कुणी चाललं तरी पाऊल वाजत नाही.

अशा घरात मी ते पुस्तक आणलं,
आर्वीच्या वाचनालयातून, पन्नास रुपये अनामत भरून.
मोठ्या शहरातला फ्लॅट. एकटी बाई.
तिच्या घरात कुणीतरी राहतंय आणि तिला ते माहीत नाही.
रोज दुधावरची साय थोडी कमी.
कंगव्यात एक केस, तिच्या केसांपेक्षा लांब.
उशीवर खळगा, ती झोपली नव्हती त्या बाजूला.

प्रफुल्ल रात्री ओलिताला जातो. लाईन अकराला येते, पाचला जाते.
मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
सासूबाई बचत गटाच्या रजिस्टरात अंगठा लावतात
आणि जांभळी शाई पदराला पुसत घरी येतात.
म्हणजे वाचणारी मी एकटी.

तिसऱ्या रात्री मी अठ्ठ्याऐंशीव्या पानावर थांबले,
खूण म्हणून बसचं तिकीट ठेवलं.
सकाळी तिकीट एकशे बारावर.

मीच ठेवलं असेल, मी म्हटलं.
पुस्तकातली बाईही एक्केचाळिसाव्या पानावर
अगदी हेच म्हणते.
मी पुस्तक तांदळाच्या डब्यात ठेवलं, झाकण घट्ट लावलं,
मग डब्याचीच भीती वाटली.
दुपारी पुन्हा उघडलं, उजेडात, दार सताड उघडं ठेवून.
एकशे बाराच्या कोपऱ्यावर अर्धा अंगठा.
जांभळा.

मंगळवारी गटाची मीटिंग झाली होती.

त्या रात्री मी झोपेचं सोंग घेतलं.
दोन वाजले असतील. दूर कुणाच्या तरी शेतात
रानडुकरांसाठी डबा बडवणं चाललं होतं.
समोरच्या खोलीत कापूस आतून पेटल्यासारखा दिसला,
पण धूर नाही, वास नाही.
ढिगाला एक खोपा पडलेला, माणूस मावेल एवढा,
आणि खोप्यात बॅटरी, पुस्तक, सासूबाई.
मामाजींचा जुना चष्मा, दांडीच्या जागी दोरा.
ओठ हलत होते, अक्षराला अक्षर जोडत,
बोट ओळीवरून मुंगीसारखं चालत होतं.
एकदा त्या दचकल्या, मागे वळून पाहिलं,
कापसाकडे. माझ्याकडे नाही.

मी श्वास धरून उलट्या पावलांनी परत आले.
त्या वेळी घरात चोर म्हणावं असं कुणी असेलच
तर ती मी होते.

विचारलं नाही.
चाळीस वर्षं अंगठा का लावला, कुणापासून लपवलं,
की कुणी कधी विचारलंच नाही.
तिकीट मात्र मी आता हलवत नाही,
माझी खूण वेगळी केली, मोरपिसाचा तुकडा.
दोघी एकाच घरात, पंचवीसेक पानांच्या अंतराने.

आज सकाळी त्या भाकरी थापत होत्या.
हात थांबवला नाही, मान वर केली नाही,
परातीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या,
“त्या बाईनं पयल्याच दिवशी
कुलूप बदलवाले पाह्यजे होतं.”

माझं वाचन अजून तिथवर आलं नव्हतं.