मागची फळी

बाटल्यांत चाळीस रोपं, एकाच कंदाची.
अक्षर न् अक्षर सारखं,
तरी एक खुजंच राहिलं.
फेगडेबाई म्हणाल्या, "मजकूर तोच आहे गं,
कुठेतरी टिंब पडलंय."

टिंब म्हणजे मिथाइल.
मेथिओनिन आपल्या टोकाचा कण काढून देतं,
आणि एक जनुक गप्प बसतं.

हेच मेथिओनिन
सावद्यात, रस्त्यापलीकडच्या गोदामात
घडाघडातून वायू होऊन सुटतं,
केळी पिवळी पडतात.

दुपारी डबा उघडला. कळण्याची भाकरी.
उडदात ते कमी,
ज्वारी भरून काढते.
आईला हे कोणी सांगितलं होतं?

खुजं रोप फेकायचं असतं.
मी बाटलीवर तारीख घातली,
मागच्या फळीवर सरकवली.
मला सातवा सुरू आहे.