समकक्ष

नियमावलीचं पान सात मीच टाइप केलंय, तीनदा,
कारण 'आशिया-प्रशांत'मधली रेघ
मॅडमना कधी हवी असते, कधी नको.
चिनी भाषा, सहा सत्रं.
लिपी, बाराशे अक्षरं, हातानं.
इतिहास एक, अर्थव्यवस्था एक,
सागरी भूगोल एक, तो उरकुडे सरांकडे,
ज्यांना फुटाळ्याच्या पलीकडचं पाणी
नकाशातच बरं वाटतं.
आणि तळाशी, कलम अकरा :
एक सत्र त्या देशात, किंवा समकक्ष.

समकक्ष म्हणजे काय, ते कुठंच लिहिलेलं नाही.
टाइप करताना मी विचारलं नाही.

पहिल्या वर्षी एकोणीस जण होते.
कुणाला मिहानमध्ये नोकरी दिसत होती,
एकाची बी.कॉम.ची यादी हुकली होती.
चार सुरांपाशीच नऊ गळाले.
मॅडम म्हणायच्या, अरे, सूर येतात तुम्हाला,
नुसतं 'हो' म्हणून बघा :
हजेरीचा हो, सपाट.
संत्र्यांचा भाव ऐकल्यावरचा, वर चढणारा.
आईनं तिसऱ्यांदा उठवल्यावरचा,
खाली बुडी मारून कसाबसा वर येणारा.
आणि भांडणातला, वरून खाली कोसळणारा.
मी बाहेर हजेरीपट आखत होतो.
तेव्हापासून घरी बायको हो म्हणाली
की कितवा, ते कळतं. त्रास वाढलाय.

तिसऱ्या वर्षाला उरली एक, उत्पला रंगारी.
कामठीहून येते. पासपोर्ट आहे,
त्याची सगळी पानं कोरी.

मार्चात बुटीबोरीच्या एका कारखान्यात यंत्र आलं,
त्याच्यासोबत एक माणूस आला.
यंत्र बसलं, माणूस बसेना.
दोन दिवस केळ्यांवर. फोनमधला अनुवाद
त्याच्या प्रत्येक वाक्याचं
'कृपया नाराज बोल्ट' असं काहीतरी करायचा.
मग कुणीतरी कॉलेजात फोन लावला. मीच उचलला.

उत्पला तीन दिवस त्या दोघांच्या मधे उभी होती,
तो माणूस आणि धनराज फिटर.
पट्टा, ताण, घेर, खाच,
बाराशे अक्षरांत यातलं फार काही नव्हतं.
ती बोट दाखवायची, तो शब्द द्यायचा,
ती खाली वाकून सांगायची,
"अर्धाच घेर म्हणते तो, काहून जोर लावून राहिला बे?"
एकदा सूर घसरला.
'ला' सपाट म्हटलं तर ओढ,
तोडून म्हटलं तर तिखट.
तिनं सांगितलं, पट्टा तिखट करा.
तो माणूस पहिल्यांदा हसला,
खिशातून फोन काढून फोटो दाखवला :
गच्चीवर लाल मिरच्या, काठाशी बसलेली म्हातारी.
धनराज म्हणाला, हे तर आमचं भिवापूर.
हे तिनं भाषांतरित केलं की नाही,
मी विचारलं नाही.

कारखान्याचं पत्र आलं. शिक्का तिरका.
मॅडम म्हणाल्या, तीस तास भरत असतील तर धरा समकक्ष.
पत्रात होते सव्वीस.

झेरॉक्ससाठी झिरो माइलकडे गेलो.
फळ्यावरचं एक अक्षर मला अजून आठवतं,
चौकोन, आणि त्यातून आरपार एक दांडा. मध्य.
ते आपल्या देशालाही तसंच म्हणतात.
आमच्याकडे इंग्रज दांडा ठोकून गेला,
चौकोन राहिला. समुद्र दोन्हीकडून लांबच.
स्तंभाभोवती बकऱ्या, एक पाणीपुरीची गाडी,
अन् गाडीवाला ओरडत होता, तिखट का मिडियम.

परत येऊन उत्पलाला विचारलं,
बुटीबोरीच्या बसमध्ये काय करायचीस?
"शब्द घोकायची."
जाता-येता? तिन्ही दिवस? खरंच?

"हो," ती म्हणाली.

मी सूर ऐकला. सपाट होता,
हजेरीचा.

रकान्यात तीस लिहिले.