नाव काढणे

पोरगी नाव काढेल, म्हणाले होते सगळे,
आणि मी नावंच काढत बसले
अर्जुनी-मोरगावच्या कॉलेजात, ग्रंथालयामागच्या खोलीत,
जिथे एक संगणक आहे, एक पंखा,
आणि दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत.

सहामाही पत्रिका. दीडशे प्रती.
मानधन नाही. अंकाची एक प्रत मिळते,
आणि शेवटच्या पानावर, सगळ्यात बारीक टायपात,
'संपादन साहाय्य (विद्यार्थी)'.
आई म्हणाली, मंग चहा तरी देतेत का?
देतात. उरकुडे सर स्वतः आणतात, थर्मासमधून.

काम असं :
लेख आला की आधी लेखकाचं नाव काढायचं,
मग आडनाव, मग गाव, मग कॉलेज,
मग 'माझ्या पूर्वीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे' हेही.
तपासणाऱ्याला कळू नये, कोणाचं लिहिणं तपासतोय.
पहिल्यांदा केलं तेव्हा हात थांबला माझा.
बसमध्ये शेजारची बाई
माझं तिकीट फाटायच्या आधी विचारते, कोनाची व तू?
आडनाव सांगितलं की ती थोडी सरकते,
किंवा नाही सरकत.
इथे मी एक कळ दाबते
आणि कोणीच कोणाचं नाही.

बाकीचं काम फॉन्टचं.
कृतिदेवमधून युनिकोडमध्ये येताना
ऱ्हस्व वेलांटी एक घर चुकते,
रफार उडून भलत्याच डोक्यावर बसतो.
मी एकेकाला घरी पोचवते.
आमच्याकडे डोळ्याला डोरा म्हणतात.
ते मात्र इथे कोणी येऊ देत नाही. मीही नाही.

ऑगस्टात एक लेख आला, तलावांतल्या माशांवर.
नाव काढलं. मग वाचला.
'माहितीदार क्र. ४, स्त्री, वय अंदाजे ५५, मासे विकणारी,
सांगते की पाणी उतरलं की वाघूर रुसते.'
'रुसते'वर मी थबकले.
असं एकच माणूस बोलतं. माझी आत्या,
मंगळवारच्या बाजारात, चिंचेखाली, डावीकडून तिसरी.

समासात पेन्सिलीनं लिहिलं : यांचं नाव?
सर म्हणाले, गोपनीयता असते.
मी म्हटलं, सर, तिला चार गावं नावानं हाका मारतात,
भाव कमी कर म्हणून.
सर हसले नाहीत. खिशातला पेन काढला
आणि माझ्या पेन्सिलीवरून शाई फिरवली.

आत्याला विचारलं, तू नाव नाई सांगतली?
ती तराजू पुसत होती.
इचारलं कोनं? त्यायले त मासोऱ्यायचे नावं पायजे होते.
टाकू का मग?
टाक. काय जाते आपलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं :
नोंदवायचं राहून गेलं, आपणास ठाऊक असल्यास घालावे.
घातलं. पृष्ठ ४३, तळटीप ९. सकवार वलथरे.
तीनदा तपासलं. ना वेलांटी, ना रफार,
चुकायला जागाच नाही असं नाव.

अंक आला तो बाजारात घेऊन गेले.
तिचं बोट धरून नावावर ठेवलं, खवल्यांसकट.
तिला वाचता येत नाही. ती वरचा फोटो बघत होती.
याच्या खाली का लिवलं?
मी वाचून दाखवलं : दाडक.
दाडक? डोरे फुटले का वो तुमचे?
बोटरी हाये हे.

दोन परीक्षकांनी पाहिला होता तो फोटो,
ज्यांची नावं सरांशिवाय कोणाला माहीत नाहीत.
सरांनी पाहिला होता.
मी पाहिला होता, मी,
जिच्या घरी आठवड्यातून तीनदा बोटरी शिजते.
मी नावाकडेच बघत होते.

पुढच्या अंकाची शेवटून दुसरी पानं लावतेय आता.
शुद्धिपत्र : पृ. ४३, छायाचित्र २.
'दाडक'ऐवजी 'बोटरी' वाचावे.
चूक दाखवून देणाऱ्या : स. वलथरे.
सर मागे उभे होते, हातात थर्मास.
म्हणाले, जागा आहे की.
पूर्ण लिही.